कपॅसिटर रिकामा आहे, हे कशावरून?

कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात मी पदव्युत्तर वर्गाला शिकवते. पितळेच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडून तिच्या प्रकाशाचा वर्णपट पाहण्याचा प्रयोग मला विभागात उभा करायचा होता. नुसत्या उच्चदाबाच्या पुरवठ्यावर पडणारी ठिणगी अशक्त असते आणि तिच्या वर्णपटात प्रामुख्याने हवेतील नायट्रोजनचे पट्टे दिसतात; त्याच ठिणगीला समांतर कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, जोडला, की साठवलेली ऊर्जा काही मायक्रोसेकंदांत मोकळी होते, टोकांवरचा धातू वाफ होऊन चमकतो आणि जस्त व तांबे यांच्या रेषा स्पष्ट उमटतात. प्रयोगाचा जीव कपॅसिटरमध्ये आहे आणि धोकाही तिथेच आहे. त्यामुळे वर्णपटमापक टेबलावर आणण्याआधी कितीतरी आठवडे आम्ही केवळ कपॅसिटर सुरक्षितपणे भारित कसा करायचा, त्यावरचे व्होल्टेज कसे मोजायचे आणि तो रिकामा झाल्याची खात्री कशी करायची, एवढ्याच कामात होतो. हे लेखन त्या कामाविषयी आहे.

आमच्याकडे ०.२५ मायक्रोफॅरडचा, २० किलोव्होल्टसाठी बनवलेला तेलाचा कपॅसिटर होता आणि तो ८ किलोव्होल्टपर्यंतच भारित करायचा असे ठरले. धारकतेच्या निम्म्याला व्होल्टेजच्या वर्गाने गुणले की ऊर्जा मिळते. ती इथे बरोबर ८ जूल येते. उच्चदाबावर काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळा १० जूलच्या पुढच्या साठ्याला गंभीर धोक्याच्या वर्गात टाकतात, त्यामुळे ८ हा आकडा ऐकून माझ्या एका विद्यार्थ्याला हायसे वाटले. त्याला मी फळ्यावर दुसरा हिशोब करायला लावला. शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर ८,००० व्होल्टला पहिल्या क्षणी शरीरातून ८ अँपिअर वाहतात. ते मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ वाहतात हे खरे, पण तो प्रवाह हृदयाच्या ठोक्यातील कोणत्या क्षणी वाहतो हे आपल्या हातात नसते. १० जूलच्या आत आहोत म्हणून निर्धास्त राहावे, असा त्या मर्यादेचा अर्थ होत नाही.

कपॅसिटर जुना असल्यामुळे पहिला प्रश्न त्यातील तेलाचा होता. पूर्वी अशा कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी द्रव सर्रास वापरले जाई. भारत सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र आदेश काढून त्याच्यावर बंदी घातली. आमच्या कपॅसिटरच्या पट्टीवर खनिज तेलाचा स्पष्ट उल्लेख होता आणि डब्याच्या शिवणीवर तेलाचा ओघळ नव्हता, म्हणूनच तो आम्ही वापरायला घेतला. पट्टी वाचता आली नसती किंवा डबा फुगलेला असता, तर मी तो हातात धरला नसता.

भारित करण्याची बाजू त्या मानाने सरळ आहे. पुरवठा आणि कपॅसिटर यांच्यामध्ये २ मेगॅओहमचा रोध घातला, की सुरुवातीचा प्रवाह ४ मिलिअँपिअरच्या वर जात नाही, आणि धारकता व रोध यांचा गुणाकार, म्हणजे भरण्याचा-रिकामे होण्याचा वेग ठरवणारा काल-स्थिरांक, अर्धा सेकंद येतो. याच्यापेक्षा घाई करण्याचे काही कारण नाही. मात्र हा २ मेगॅओहम एका रेझिस्टरने मिळवता येत नाही. प्रत्येक रेझिस्टरला वॅटची मर्यादा असते तशीच व्होल्टेजचीही असते, आणि दुकानात ती सहसा कोणी विचारत नाही. पाव वॅटचा साधा कार्बन फिल्म रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतच वापरायचा असतो. आम्ही १०० किलोओहमचे, २ वॅटचे, ५०० व्होल्ट मर्यादा असलेले २० रेझिस्टर एकापुढे एक जोडले. त्यामुळे प्रत्येकावर जास्तीत जास्त ४०० व्होल्ट येतात. शिवाय कपॅसिटर आतून शॉर्ट झालाच, तर ३२ वॅट सतत जळत राहतील आणि ते ४० वॅटची ही माळ सोसू शकेल, असा हिशोब होता. रोध कितीही घेतला तरी एकदा पूर्ण भारित करताना रेझिस्टरमध्ये नेमकी तेवढीच ऊर्जा जळते जेवढी कपॅसिटरमध्ये साठते, ही पुस्तकातील गोष्ट विद्यार्थ्यांना इथे माळेच्या उबेतून कळली.

खरा वेळ गेला तो रिकामे करण्याच्या आणि मोजण्याच्या बाजूवर. त्याला कारण ठरले शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले, आमच्या विभागाची वायरिंगची कामे करून देणारे काका. इंडक्शन भट्टीच्या कपॅसिटर बँकेजवळ त्यांची उमेदीची वर्षे गेलेली. कारखान्यात पॉवर फॅक्टरसाठी बसवलेल्या १,००० व्होल्टपर्यंतच्या कपॅसिटरना पुरवठा तोडल्यावर ३ मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली आणणारे रेझिस्टर असावेत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ते त्यांना पाठ होते, आणि तरीही त्या ३ मिनिटांनंतर ते स्वतः तपासल्याशिवाय हात लावत नसत. आमची पहिली मांडणी पाहून त्यांनी विचारले, रिकामा झाला हे कशावरून ओळखणार? मीटर शून्य दाखवील, असे एका विद्यार्थिनीने सांगितले. त्यावर काका म्हणाले, "मीटर शून्य दावतंय म्हंजे मीटर शून्य हाय, बाळा. कपॅसिटरचं काय ते अजून कळलं न्हाई." वायर तुटली, बॅटरी संपली, रेंज चुकली, पिन नीट बसली नाही, तरी मीटर शून्यच दाखवतो. पुरवठ्याचे बटण बंद केले, की त्याच्यावरचा डिजिटल आकडा विझून जातो. विझलेला आकडा आणि शून्य आकडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी आम्ही मांडणी उलगडली आणि शून्य सिद्ध कसे करायचे या प्रश्नाभोवती ती पुन्हा रचली.

पहिली दुरुस्ती ब्लीडरची, म्हणजे कपॅसिटरला कायम समांतर राहून त्याला हळूहळू रिकामे करणाऱ्या रोधाची. ४० मेगॅओहमच्या एका माळेऐवजी ८० मेगॅओहमच्या दोन स्वतंत्र माळा लावल्या. दोन्ही शाबूत असताना काल-स्थिरांक १० सेकंद असतो आणि ८,००० व्होल्टवरून ५० व्होल्टच्या खाली यायला साधारण ५१ सेकंद लागतात. एक माळ तुटली तर दुप्पट वेळ लागतो, पण काम थांबत नाही. पाच काल-स्थिरांक गेले की कपॅसिटर रिकामा झाला असे समजण्याची सवय कमी व्होल्टेजच्या प्रयोगांतून लागलेली असते. पाच काल-स्थिरांकांनंतर ०.६७ टक्के उरतात. ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये ते काहीच नाहीत. ८ किलोव्होल्टमध्ये ते ५४ व्होल्ट आहेत. म्हणून आम्ही दहा काल-स्थिरांकांच्या आत मांडणीभोवतीच्या जाळीचे दार उघडायचे नाही असा नियम केला.

दोन्ही माळांच्या पायथ्याशी, अर्थिंगच्या बाजूला, १०० मायक्रोअँपिअरचा काट्याचा एकेक मीटर बसवला. ८० मेगॅओहममधून ८ किलोव्होल्टला नेमके १०० मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे काटा पूर्ण सरकला की व्होल्टेज पूर्ण झाले. या मीटरला बॅटरी लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काटा हलतो आहे हाच ती माळ शाबूत असल्याचा पुरावा असतो. मीटर स्वतः तुटला तर त्याच्या वरच्या टोकाला पूर्ण दाब येऊ नये, म्हणून प्रत्येक मीटरला समांतर एक रेझिस्टर कायमचा डाखून टाकला आणि त्याचा वाटा धरून मीटरचे अंशांकन केले.

दुसरी मोजणी व्होल्टेज डिव्हायडरची, म्हणजे मोठ्या व्होल्टेजचा ठरावीक लहान अंशच मीटरला देणाऱ्या रोधांच्या जोडणीची. साध्या मल्टिमीटरची मर्यादा ६०० किंवा १,००० व्होल्ट असते, त्यामुळे तो थेट लावण्याचा प्रश्नच नव्हता. उच्चदाबासाठी बनवलेले १०० मेगॅओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून १ गिगॅओहमची वरची भुजा केली. खालची भुजा १ मेगॅओहमची घेतली की हजारास एक असे प्रमाण मिळेल, असे विद्यार्थ्यांनी वहीत मांडले. कागदावर ते ठीक आहे. पण डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगॅओहम असतो आणि तो खालच्या भुजेला समांतर येतो, त्यामुळे १ मेगॅओहमचा प्रत्यक्षात ०.९१ मेगॅओहम होतो आणि व्होल्टेज ९ टक्के कमी दिसते. खालची भुजा १.११ मेगॅओहमची केली, की मीटरसह ती जवळपास १ मेगॅओहम होते. हे गणित दहावीचे आहे, पण त्याची उलटी बाजू भीतिदायक आहे. त्याच डिव्हायडरला कोणी मीटर काढून ऑसिलोस्कोप जोडला, तर त्याच्या १ मेगॅओहम रोधामुळे ८ किलोव्होल्ट असताना पडद्यावर ४.२ किलोव्होल्टच दिसतील. म्हणून डिव्हायडरच्या डब्यावर कोणता मीटर लावायचा ते रंगाने लिहून ठेवले आहे, आणि तो मीटर त्या डब्याची साखळी सोडून कुठेही जात नाही. खालची भुजा मीटरकडे न ठेवता डब्यातच पक्की डाखलेली आहे, आणि ती तुटल्यास केबलवर दाब चढू नये म्हणून तिला समांतर ९० व्होल्टचा गॅस अरेस्टर आहे.

पुरवठ्यावरच्या मीटरचा उपयोग आम्ही केवळ अंदाजासाठी करतो. ब्लीडरमधून सतत ०.२ मिलिअँपिअर वाहत असल्यामुळे २ मेगॅओहमच्या माळेवर ४०० व्होल्ट खर्च होतात, आणि कपॅसिटरवर ८ किलोव्होल्ट असताना पुरवठा ८.४ दाखवतो. हा फरक समजावून सांगता येणे, ही विद्यार्थ्याला यंत्राजवळ उभे करण्याची माझी अट आहे.

स्क्रू ड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करण्याची पद्धत आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानांत रूढ आहे. तिथे ती खपून जाते. इथे जोडणीचे इंडक्टन्स १ मायक्रोहेन्री धरले, तर क्षणभर ४,००० अँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल, टोकाचा धातू वितळून उडेल आणि उलटसुलट हेलकाव्यांनी कपॅसिटरचे आतले थरही दुखावतील. म्हणून आधी रोधातून आणि मग थेट, अशा दोन पायऱ्यांनी रिकामे करायचे. या रोधात ८ जूल मिलिसेकंदात ओतले जातात. फिल्मचे रेझिस्टर त्याला टिकत नाहीत, कारण उष्णता एका पातळ थरातच निर्माण होते. स्पंदित विद्युतशक्तीच्या प्रयोगशाळांत यासाठी मोरचुदाच्या पाण्याचा रोध वापरतात, आणि मोरचूद तर शेतीच्या औषधांच्या कोणत्याही दुकानात मिळतो. पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना तांब्याच्या चकत्या आणि आत मोरचुदाचे पातळ द्रावण, एवढाच हा प्रकार. द्रावण कमीजास्त करून ५ किलोओहम साधले. ते मोजताना मल्टिमीटरचा एकदिश प्रवाह चालत नाही, चकत्यांपाशी ध्रुवीकरण होऊन आकडा सरकत राहतो. रोध, धारकता वगैरे मोजणाऱ्या एलसीआर मीटरचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. २०० मिलिलिटर पाण्यात ८ जूल गेले तर तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकेच वाढते. मला हा रोध फार आवडतो, पण ब्लीडरच्या जागी मी तो कधीही लावणार नाही, कारण पाणी उडून गेले की त्याचा भरवसा संपतो.

जाळीच्या आत गुरुत्वाने पडणारी एक पितळी दांडी आहे. विद्युतचुंबक तिला वर धरतो. दाराचा मायक्रोस्विच सुटला, आणीबाणीचे लाल बटण दाबले किंवा वीज गेली, की ती खाली पडून मोरचुदाच्या नळीतून कपॅसिटर अर्थिंगला जोडते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज अधूनमधून जातेच. अशी दांडी नसेल तर वीज गेल्यावर अंधारात, पंखे थांबलेल्या खोलीत कपॅसिटर मात्र भरलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी "आता काय, लाईटच नाही" म्हणून आत हात घालण्याची शक्यता सर्वाधिक असते. दांडी आणि तिचे आधार उद्यमनगरातील एका लेथवाल्याने करून दिले. टोकदार खिळा किंवा स्क्रू राहिला की तिथून कोरोना, म्हणजे हवेतून होणारी विजेची गळती, सुटतो, म्हणून सगळ्या कडा गोल कराव्या लागतील, असे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने कारण विचारले आणि ऐकल्यावर माझ्या आराखड्यात नसलेल्या दोन कडाही गोल करून दिल्या.

पहिल्यांदा भारित केले ते ५०० व्होल्टलाच, आणि आजही प्रत्येक सत्राची सुरुवात तिथूनच होते. डिव्हायडरचा मीटर आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तपासायचा, मग ५०० व्होल्टला डिव्हायडर ०.५ आणि दोन्ही काटे साधारण ६ दाखवतात का ते पाहायचे, आणि मगच पुढे जायचे. सत्र संपल्यावर पुरवठा बंद करून प्लग काढायचा, दांडी पाडायची, काटे खाली आलेले पाहायचे, मग अर्थिंगची काठी. फायबरच्या लांब काठीची वेणीदार तांब्याची तार आधी अर्थिंगला घट्ट आहे हे हाताने ओढून बघायचे, काठीचा हूक प्रथम रोधाच्या टोकाला आणि नंतर थेट टर्मिनलला लावायचा, दुसरा हात खिशात. काठी टर्मिनलवरच टांगून ठेवायची. त्यानंतर मीटर पुन्हा त्याच बॅटरीवर लावून तो अजून जिवंत आहे याची खात्री करायची, कारण शून्य दाखवताना तो बिघडलेला असेल तर ते शून्य आपल्या कामाचे नाही. या वेळी खोलीत दोन माणसे असावी लागतात. दुसऱ्याने कशालाही हात लावायचा नाही, मुख्य स्विचजवळ उभे राहायचे, आणि त्याला छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची प्रक्रिया येत असली पाहिजे.

रिकामे होण्याच्या वेगावरून धारकताही मोजता येते. ८ किलोव्होल्टला पुरवठा तोडून मीटर आणि घड्याळ यांचे जाळीबाहेरून मोबाईलवर चित्रण केले आणि दर दोन सेकंदांचे आकडे उतरवून काढले. ब्लीडर आणि डिव्हायडर मिळून ३८.५ मेगॅओहम होतात. व्होल्टेजच्या लॉगॅरिदमचा वेळेशी आलेख काढला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून ०.२४८ मायक्रोफॅरड आले. एलसीआर मीटरनेही जवळपास तेच दाखवले होते. हे दोन्ही जुळणे गृहीत धरता येत नाही. एलसीआर मीटर एखाद्या व्होल्टला मोजतो. बेरियम टायटनेट वर्गातील सिरॅमिक कपॅसिटरची धारकता पूर्ण दाबाखाली बरीच घटते, आणि तिथे कमी व्होल्टेजच्या मोजणीवरून काढलेली ऊर्जा चुकीची ठरते.

जुलैत ही रेषा वरच्या टोकाला वाकू लागली. सुरुवातीला व्होल्टेज अपेक्षेपेक्षा वेगाने उतरत होते, म्हणजे जास्त दाबावर आणखी कुठूनतरी गळती होत होती. पंचगंगेच्या काठचा पावसाळा आणि इन्सुलेटरवरची धूळ यांचा तो संयुक्त परिणाम होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून, जाळीत काही वेळ दिवा लावून ठेवल्यावर रेषा पुष्कळ सरळ झाली. त्याच आठवड्यात एका सकाळी दोन्ही काटे ७८ वर होते, म्हणजे ६.२४ किलोव्होल्ट, आणि डिव्हायडर ५.४ दाखवत होता. काम थांबवले, सगळे पायऱ्यांनी रिकामे केले आणि शोध घेतला, तेव्हा केबलच्या कनेक्टरमध्ये ओल धरली होती आणि खालच्या भुजेला सहा-सात मेगॅओहमची एक अनाहूत समांतर वाट तयार झाली होती. एकटा डिव्हायडर असता, तर आम्ही ५.४ वर विश्वास ठेवून व्होल्टेज आणखी वाढवले असते.

त्यानंतर तिसरी मोजणीही घेतली. २ सेंटिमीटर व्यासाच्या पितळी गोळ्यांमध्ये २ मिलिमीटर फट असेल तर प्रमाणित हवेत ८ किलोव्होल्टला ठिणगी पडते, असे मानक तक्ते सांगतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे. इथला हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि ३० अंश तापमानाला हवेची सापेक्ष घनता ०.९१ येते. त्यामुळे इथे तीच ठिणगी ७.३ किलोव्होल्टच्या सुमारास पडली पाहिजे, आणि मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत तशीच पडली.

कपॅसिटर रिकामा केल्यावरही पुन्हा भरतो, यावर विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नव्हता, म्हणून ते मुद्दाम दाखवले. ८ किलोव्होल्टवरून शॉर्ट केलेला कपॅसिटर ब्लीडर सोडवून केवळ डिव्हायडरवर ठेवला आणि जाळी बंद करून मीटर पाहत राहिलो. शून्यापासून आकडा सावकाश चढत ९० व्होल्टपर्यंत गेला. डायइलेक्ट्रिकच्या, म्हणजे कपॅसिटरच्या आतल्या विजेरोधक पदार्थाच्या, थरांत मुरलेला भार सावकाश बाहेर येतो त्याचा हा परिणाम. तेल आणि कागदाच्या कपॅसिटरमध्ये तो पॉलिप्रॉपिलीनपेक्षा जास्त असतो. एलसीआर मीटर जोडण्याआधी शॉर्ट तार काढल्यावर थोडा वेळ गेला, तरी तेवढ्याने मीटर जळू शकतो. कपाटातील प्रत्येक उच्चदाब कपॅसिटरच्या दोन्ही टर्मिनलांना आणि डब्याला जोडणारी उघडी तांब्याची तार आता कायम असते. उघडी अशासाठी, की ती तुटली आहे का हे दुरून दिसावे.

आता वर्णपटात तांब्याच्या ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषा आणि जस्ताच्या ४६८.०, ४७२.२ आणि ४८१.१ च्या निळ्या रेषा स्वच्छ मिळतात. विद्यार्थ्यांची मागणी आहे, की दुसरा तसाच कपॅसिटर समांतर जोडावा, म्हणजे ठिणगी अधिक तेजस्वी होईल. त्याने ऊर्जा १६ जूल होते, ब्लीडरचा वेळ दुप्पट होतो, आणि एक कपॅसिटर आतून फुटला तर दुसऱ्याची सगळी ऊर्जा त्याच्यात ओतली जाते, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज लागतो. फ्यूज, ब्लीडर आणि दांडीचा हिशोब त्यांनी नव्याने करून आणावा असे सांगितले आहे. पहिल्या मसुद्यात ब्लीडरचा वेळ जुनाच होता. तो मी परत केला आहे.